चहा होईपर्यंत उभं

संपतनं मागून बापाच्या पाठीला हात लावला, कमरेच्या जरा वर, कण्याच्या कडेला, आणि बोट हलकेच रुतवलं. "आबा, ताठ," तो कानाशी म्हणाला. एवढंच झालं. नारायणगावातल्या दवाखान्याच्या दारात, लोक चपला काढतात तिथं, भर सकाळी. आता पोरानं बापाच्या पाठीला हात लावला तर त्यात काय एवढं? काही नाही. पण नवसूच्या अंगावर सर्रकन काटा आला आणि तो काटा आजाराचा नव्हता. हा हात त्याच्या ओळखीचा होता. उभा जन्म हा हात त्याचा स्वतःचाच होता. बेल्ह्याच्या बाजारात मेंढी गिऱ्हाइकापुढं उभी करायची म्हणजे एक हात तिच्या हनुवटीखाली आणि दुसरा कमरेशी, बोटं जराशी रुतवून. बोट रुतलं की जनावर अंग आवरून ताठ होतं, मान वर धरतं, डोळ्यांत पाणी आल्यासारखी चमक येते. लांबून बघणाऱ्याला वाटतं, मालक लाडानं हात फिरवतोय. नवसूनं मागं वळून पोराकडं बघितलं. संपत भलतीकडंच, जीप लावली होती तिकडं बघत होता. हात मात्र तिथंच होता.

मग सकाळपासूनचं एकेक त्याला उमजायला लागलं. संपतनं आज त्याची दाढी केली होती, हनुवटी दोन बोटांत धरून, इकडं वळव तिकडं वळव करत. बायकोनं, गजराबाईनं, गालाला गोडेतेल चोळलं, आणि चोळताना चांगलं रगडलं, रक्त वर यावं म्हणून. चहात एवढा गूळ घातला होता की पहिल्या घोटाला मळमळलं, तर म्हणाली, "प्या तसाच, आंगात तरतरी ऱ्हाती." सदरा नवा, मापापेक्षा ढगळ; त्यात वर आलेलं पोट दडलं आणि वाळलेले दंडही दडले. पटका तो जन्मभर स्वतः बांधत आला होता, आज तिनं बांधला, कारण हात डोक्यावर धरले की त्याला धाप लागायची. आणि काठी? काठी जीपमध्येच ठेवायला लावली. "काठी घिऊन गेलात की आजारी दिसता," असं गजराबाईचं म्हणणं. धनगराच्या हातातली काठी काढून घ्यायची आणि म्हणायचं, आता निरोगी दिसता! नवसूला त्या वेळी नुसताच राग आला होता. आता दारात उभ्या-उभ्या त्याला सगळं एकदम कळलं. मेंढी धुवायची, लोकर विंचरायची, गूळ-मीठ चारायचं, वर पाणी पाजायचं म्हणजे कुशी भरलेल्या दिसतात. बाजाराच्या दिवशी याला लबाडी म्हणत नाहीत, ती रीत आहे. विकणारा उभं करतो, घेणारा ओळखतो, आणि ज्याला ओळखता येत नाही त्यानं बाजारात येऊ नये. आयला, म्हणजे आज मलाच बाजाराला काढलं का यांनी, असं मनात येऊन त्याला हसू आलं, आणि हसताना उजव्या बरगडीखाली अशी कळ आली की त्यानं दाराची चौकट धरली.

"काय झालं?" गजराबाईनं दबक्या आवाजात विचारलं.

"काय न्हाई. चल."

तसं म्हटलं तर हे दुखणं पौषातलं, आणे गावच्या जत्रेतलं. जत्रेच्या आमटीला नवसू कितीतरी वर्षं कढईवर उभा राहायचा. ठिणग्या, वाफ, मसाल्याचा ठसका, आणि पंगतीत बसलेल्या हजार तोंडांचा एकच आवाज. यंदा कढईजवळ गेला आणि वासानंच पोटात ढवळलं. भाकरी कुस्करली, आमटी ओतली, बोटं बुडवली, आणि तसाच बसून राहिला. शेजारचा हौशीराम, भावकीतलाच, म्हणाला, "का रं नवसू, लेकाच्या लग्नात रुसल्यावानी काय बसलास?" सगळे हसले. नवसूही हसला. मग धोतर सैल व्हायला लागलं आणि पोट मात्र वर यायला लागलं, हे कसलं उलटं गणित? बरगडीखाली कुणी भिजलेल्या घोंगडीचा बोळा कोंबून ठेवावा तसं जड. डोळे पिवळे दिसायला लागले तेव्हा गजराबाईनं त्याला कावीळ उतरवणाऱ्याकडं नेलं. त्यानं चुन्याच्या पाण्यात हात धुवायला लावले, पाणी पिवळं झालं, आणि सगळ्यांचं समाधान झालं. पिवळं पाण्यात आलं म्हणजे अंगातून गेलंच की! पण ते डोळ्यांतही राहिलं. आणि गावातली लोकं, चांगली म्हणवणारी लोकं, पारावर बोलायला लागली की लिव्हर गेलं म्हणजे दारूच, दुसरं काय. नवसू दारूला कधी शिवला नव्हता. देवाचा भंडारा कपाळाला लावून तो हे कुणालाही सांगू शकला असता, पण कुणी तोंडावर विचारतच नव्हतं, सांगणार कुणाला? तो घोंगडीवर पडून राहायचा आणि पारावरचे आवाज ऐकायचा. आजारापेक्षा ते जास्त लागायचं.

सोनोग्राफी झाली ती इथंच, नारायणगावात. अंधारी खोली, पोटावर गारेगार चिकट काहीतरी, आणि तरणा डॉक्टर तोंडातल्या तोंडात कुठलंतरी हिंदी गाणं गुणगुणत यंत्राचा तो मुठीएवढा दांडू पोटावरून फिरवत होता. नवसूला ते गाणं बरं वाटलं होतं. माणूस गुणगुणतोय म्हणजे काही वाईट नसणार. डावीकडून फिरला, खाली गेला, उजवीकडं आला, आणि गाणं थांबलं. दांडू पुढं गेला, परत मागं आला, त्याच जागी दाबला, तिथंच राहिला. "श्वास धरा," डॉक्टर म्हणाला. नवसूनं श्वास धरला. "सोडा." सोडला. "परत धरा." नंतर काय काय झालं, कुठल्या कागदावर काय आलं, ते सगळं विसरलं असतं तरी चाललं असतं, ते गाणं मध्येच थांबलं ते मात्र त्याच्या मनातून गेलं नाही. रात्री कुत्री एकदम भुंकायची थांबली की मेंढक्याला जाग येते, तसा तो त्या शांततेनं दचकला होता. मग डॉक्टरानं संपतला पडद्याबाहेर नेलं. पडदा तो पडदाच, भिंत थोडीच? नवसूला सगळं ऐकू आलं. लिव्हरमध्ये गाठ दिसतेय, साधी वाटत नाही. रक्त तपासा, पुण्याला सीटी स्कॅन करा, मग पुण्याच्या मॅडम इथं गुरुवारी येतात त्यांना दाखवा. संपतनं विचारलं, इलाज असतो का? डॉक्टर म्हणाला, असतो, पण सगळ्यांना झेपत नाही. माणूस चालता-फिरता असला, आपलं आपण करत असला, तर मॅडम काहीतरी करतात. अंथरुणाला लागला असला तर मग हात लावत नाहीत.

चालता-फिरता. हा शब्द संपतनं घरी नेला आणि गजराबाईनं तो पदराच्या गाठीला बांधला. त्या दिवसापासून घरात कुणी 'आबा झोपलेत' म्हणेनासं झालं. आला-गेला विचारायचा, नवसू कुठाय? तर गजराबाई म्हणायची, आत्ताच मेंढराकडनं आले, जरा टेकलेत. मेंढरं तर केव्हापासून हौशीरामच नेत होता. नवसू अंगणातल्या लिंबाखाली घोंगडीवर पडलेला असायचा. ऊन सरकलं की गजराबाई येऊन घोंगडीसकट त्याला सावलीत ओढायची. संपतनं बांधलेल्या स्लॅबच्या घरात त्याला झोप यायची नाही. उघड्यावर वाढलेल्या माणसाला छताखाली डोळा लागत नाही. सकाळी मेंढरं कोंडायच्या वाड्यातून सुटताना आणि संध्याकाळी परत येताना त्यांच्या खुरांचा आवाज जमिनीतून थेट त्याच्या कानाला लागायचा. सुटताना आणि येताना. मधला सगळा दिवस तो आडवा. चालत्या कळपात जी मेंढी बसते तिची गोष्ट काय असते हे त्याला कुणी सांगायला नको होतं. दुसऱ्यांदा बसली की तिला खांद्यावर घ्यायची. तिसऱ्यांदा बसली की बाजार गाठायचा.

बाकड्यावर नंबर लावून बसायची वेळ आली तेव्हा गजराबाई त्याच्या आणि बाकड्याच्या मध्येच उभी राहिली. "आत गेल्यावर बी बसू नका खुर्चीत," ती कानाशी आली. "बसलात की उठताना हात टेकावं लागत्यात, त्यांना कळंल. फकस्त हुबं ऱ्हावा. येकदा का त्यांनी हाती घेतलं ना, की समदं नीट व्हतंय." तिच्या तोंडाला गुळाच्या चहाचा वास येत होता. तिनंही आज नवं लुगडं नेसलं होतं. विकायला नेलेल्या जनावराबरोबर मालकीण नटते, तशी. नवसूला वाटलं, सांगावं हिला, अगं, मला झेपायचं न्हाई. पण ती त्याच्याकडं अशी बघत होती, जशी नवीन गाभण कालवड दावणीला बांधून बाई बघते, आता सगळं दूधदुभतं सुरू होणार म्हणून. एवढ्या आशेनं तिनं त्याच्याकडं कधी बघितलं होतं? लग्नातसुद्धा नाही. लग्नात तर मान वरच केली नव्हती. आणि खरं सांगायचं तर नवसूलाही आत कुठंतरी वाटतच होतं, की काय सांगावं, उभं राहता आलं तर बरंही वाटेल. जगावंसं कुणाला वाटत नाही? चैत्रात कोकरं होणार होती. तो ताठ झाला.

मॅडम साधारण त्याच्या नंदाएवढ्या, कळंबला दिलेल्या लेकीएवढ्या, असतील. केस मागं घट्ट बांधलेले, टेबलावर थर्मास. सीटीचे काळे फोटो त्यांनी भिंतीवरच्या पांढऱ्या उजेडावर लावले आणि एकेक करून बघत राहिल्या. नवसूनं बघितलं. स्वतःला आडवं कापल्यासारखे ते चकत्यांचे फोटो. मेंढीचं काळीज, म्हणजे हेच लिव्हर, त्यानं जत्राखेत्रांत शेकडो वेळा हातात घेतलं होतं, गरम, जड, गुळगुळीत. कुठं पांढरी गाठ, कुठं किडीची वाट, ते बोटाला आधी कळायचं आणि डोळ्याला नंतर. आज त्याचं स्वतःचं तिथं उजेडावर लटकलं होतं आणि बोट लावता येत नव्हतं.

"बसा ना बाबा," मॅडम म्हणाल्या.

"न्हाई, हुबाच बरा हाय मी. आमचं समदं आयुष्य उभ्यानंच गेलं."

"तुकडा काढून तपासावं लागंल का मॅडम?" संपतनं विचारलं. गावात कुणीतरी त्याला सांगितलं होतं की गाठीला सुई लावली की ती पसरते, आणि तेव्हापासून त्यानं धसका घेतला होता.

"नाही, यांच्या बाबतीत गरज नाही." त्यांनी पेनाचं टोक फोटोवर ठेवलं. "पुण्याला यांच्या हातात औषध सोडून थोड्या-थोड्या वेळानं फोटो काढले ना? हा पहिला. ही गाठ बघा, औषध आल्या-आल्या उजळली, बाकीचं लिव्हर अजून काळंच आहे. हा नंतरचा. आता बाकीचं लिव्हर उजळलंय आणि गाठ विझली. आधी भरते आणि आधी रिकामी होते. लिव्हर आधीच निबर झालेलं असेल आणि गाठ अशी वागत असेल, तर ती कॅन्सरचीच. रक्तातला जो आकडा बघतात तोही खूप वर गेलाय. म्हणजे आजार कोणता, त्यात शंका उरली नाही."

तो शब्द असा सरळ, चहा-साखर म्हणावं तसा आला. संपतनं खाली बघितलं. गजराबाई मात्र फोटोकडंच बघत राहिली, जणू तिला बोलणं ऐकूच आलं नाही. नवसूला वाटलं होतं, शब्द ऐकल्यावर काहीतरी होईल. पाय जातील, डोळ्यापुढं अंधारी येईल. काही झालं नाही. त्याला एकच विचारायचं होतं आणि ते त्यानं विचारलं. "बाई, मी दारू पीत न्हाई. कधीच न्हाई."

मॅडमनी पहिल्यांदा त्याच्याकडं नीट बघितलं. "माहीत आहे बाबा. रक्तात दिसतंय. काविळीचा एक जंतू असतो, तो वर्षानुवर्षं लिव्हरमध्ये बसून राहतो, काही कळू देत नाही. कुठून आला ते आता कुणालाच सांगता यायचं नाही. दारूचा यात काही संबंध नाही. घरच्यांनी मात्र सगळ्यांनी रक्त तपासून घ्या."

नवसूच्या छातीतून एवढा मोठा श्वास सुटला की संपतनं दचकून त्याच्याकडं बघितलं. वाटलं, हे पारावर जाऊन कुणीतरी मोठ्यानं वाचून दाखवावं. मग काय व्हायचं ते होवो.

"आता आजार कुठवर आलाय ते ठरवायचं," मॅडम म्हणाल्या. त्यांनी त्याची खालची पापणी ओढून बघितली. पायाच्या नडगीवर अंगठा दाबून धरला आणि काढला. खळगा तसाच राहिला. पोटावर बोट ठेवून दुसऱ्या बोटानं ठोकलं, वर पोकळ वाजलं, कडेला भरीव. दोन्ही हात पुढं करायला लावले, पंजे वर, आणि बोटं फडफडतात का ते बघितलं. आज वार कोणता, गाव कोणतं, विचारलं. नवसूला गंमत वाटली. दात बघायचेच काय ते राहिले होते. प्रत्येक वेळी तो अंग आवरून धरत होता, आणि प्रत्येक वेळी गजराबाईचे ओठ जरासे हलत होते, परीक्षेला बसलेल्या पोराच्या आईसारखे.

मॅडम टेबलाशी गेल्या. "चार गोष्टी बघायच्या असतात. एक, गाठी किती आणि केवढ्या. यांना एक मोठी आहे, पेरूएवढी, आणि शेजारी दोन बारक्या. कापून काढता येणार नाही. दुसरी, लिव्हरच्या मोठ्या शिरेत आजार घुसलाय का, बाहेर गेलाय का. अजून तरी नाही. तिसरी, गाठ सोडून उरलेलं लिव्हर किती काम करतंय. ते मधलं आहे. थोडी कावीळ, थोडं पाणी. अशा वेळी पुण्याला नेऊन जांघेतून बारीक नळी घालायची, गाठीला रक्त नेणाऱ्या वाहिनीत औषध सोडायचं आणि ती वाहिनी बंद करायची, असं करता येतं. गाठ उपाशी मरते. काही जणांना वर्ष-दोन वर्षं मिळतात. पण उरलेल्या लिव्हरला त्याचा धक्का बसतो. माणसात दम असला तर तो निभावतो. नसला तर लिव्हर बंद पडतं आणि माणूस तिथंच, पुण्यातच जातो. म्हणून चौथी गोष्ट. तिला मशीन नाही, मला विचारावंच लागतं." त्या नवसूकडं वळल्या. "दिवसातला किती वेळ आडवे असता?"

"न्हाई हो!" नवसूनं तोंड उघडायच्या आत गजराबाई बोलली. "आडवं कुठलं! सकाळच्याला मेंढरं सोडत्यात, मागं जात्यात. जेवाण आपलं आपण. आंघूळ आपली आपण. काल तर वाघरीच्या जाळ्या ह्येनीच नीट केल्या."

वाघरीच्या जाळ्या! नवसूनं तिच्याकडं बघितलं. वाडा बंदिस्त करायच्या त्या जाळ्यांना त्यानं पौषापासून हात लावला नव्हता. एवढी मोठी थाप, आणि किती झोकात. हे दुखणं येईस्तोवर ही बाई जन्मात खोटं बोलली नव्हती. हिच्या दुधात पाणी नाही म्हणून आणे पठारावर लोक सांगायचे.

"बरं," मॅडम म्हणाल्या. कागद ओढला. पेन उघडलं. आणि मग, काय झालं कोण जाणे, त्यांनी पेन तसंच बाजूला ठेवलं. "धनगर माणूस, आणि काठी कुठं तुमची?"

"जीपमधी ऱ्हायली," संपत म्हणाला.

"असू दे. चहा घ्या थोडा." त्यांनी थर्मास उघडला, कपात ओतला, दुसरा कप गजराबाईपुढं सरकवला. आणि नवसूकडं न बघता गजराबाईला विचारायला लागल्या, आण्याचा घाट आता रुंद झाला म्हणे, जीपला त्रास होत नसेल. मेंढरं किती, पाण्याचं काय करता उन्हाळ्यात. गजराबाई खुलली, बोलायला लागली. मॅडम हळूहळू चहा पीत होत्या, घाई काही नव्हती, बाहेर एवढे नंबर लागलेले असताना. आणि नवसूच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. अरे, हा तर गेणभाऊ!

कळंबचा गेणभाऊ, व्यापारी. बेल्ह्याच्या बाजारात त्याच्यासारखा पारखी झाला नाही. तो जनावर चाचपायचा नाही, दात बघायचा नाही. मेंढीसमोर उकिडवा बसायचा, मालकाला म्हणायचा, "हात काढ, भाऊ." आणि चहा मागवायचा. मेंढीकडं बघायचाच नाही. पाऊसपाणी, लग्नं, निवडणुका, सगळं बोलून व्हायचं. बोट निघालेली मेंढी एकटी उभी असायची. गूळ-मीठ, पाणी, विंचरलेली लोकर, सगळं तेवढा वेळच पुरतं. आजारी जनावर चहा होईपर्यंत उभं राहत नाही. आधी मान खाली येते, मग पुढचे गुडघे. गेणभाऊ कप खाली ठेवायचा, बसलेल्या मेंढीकडं मायेनं बघायचा आणि म्हणायचा, "घरी ने हिला. वाटंवर घालू नको." त्याला वाईट बोलता यायचंच नाही.

आता नवसूच्या पोटऱ्या थरथरायला लागल्या होत्या. पटक्याखाली घामाची धार सुटली होती. संपतचा हात परत पाठीला आला, आणि या वेळी नुसतं बोट नव्हतं. सबंध तळवा होता, आणि त्या तळव्यावर नवसूचं सगळं वजन गेलं होतं. पोराचा दंड ताठरून कापत होता. दोघंही कापत होते, समोरच्या टेबलापलीकडं दिसू नये एवढंच. राहील उभा? राहीलही. मॅडमचा चहा अर्ध्यावर आला होता. संपत तरणाबांड आहे, आणखी निम्मा कप धरून ठेवील. मग त्या कागदावर लिहितील, चालता-फिरता आहे. मग पुणं. ती स्वच्छ पांढरी खोली, लोखंडी खाट, जांघेतली नळी. गजराबाई खाली फरशीवर बसलेली. वर छत. आणि सकाळी खुरांचा आवाज नाही, संध्याकाळी नाही.

त्याला ठिपकी मेंढी आठवली. दहा-अकरा वर्षं झाली असतील. जबड्याखाली पाण्याची पिशवी लोंबायला लागली होती तिच्या, पण गजराबाईनं तिला असं धुतलं-पुसलं, असं चारलं, की काय सांगावं. त्या सोमवारी गेणभाऊ बाजाराला आलाच नव्हता. कोकणाकडच्या कुणा नवख्यानं घेतली, आणि दिसायला तरतरीत म्हणून माळशेज घाट उतरायला चालत्या कळपात घातली. घाटात बसली. उठवली, परत बसली. डांबरावर, गाड्यांच्या धुरात, अनोळखी माणसांत मेली. हाकणाऱ्यानं परत येताना निरोप दिला तेव्हा गजराबाई चुलीपुढं होती. भाकरी थापता-थापता थांबली आणि म्हणाली, आपल्याच वाड्यात बसली असती तर बरं व्हतं. त्या रात्री जेवली नाही. एका मेंढीपायी!

"संपत," नवसू म्हणाला, "हात काढ."

संपतनं ऐकलं नाही, किंवा ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

"हात काढ म्हनतो न्हवं."

मॅडमचा कप ओठाशीच राहिला. संपतनं हात काढला. नवसू एकटा उभा राहिला, कितीसा वेळ, एखादा श्वास. मग तो आपल्या पायानं तपासणीच्या उंच खाटेकडं गेला. कुणी त्याला पाडलं नाही, कुणी निजवलं नाही. काठावर टेकला, एका कुशीवर झाला, गुडघे पोटाशी घेतले आणि डोळे मिटले. घोंगडीवर रोज पडायचा तसाच. बाई गं, काय सुख वाटलं! दुखणं तिथंच होतं, पण ते दडवायचं ओझं उतरलं होतं, आणि ते दुखण्याहून जड होतं हे त्याला आत्ता कळलं.

मॅडमनी परत विचारलं, पण या वेळी गजराबाईला, आणि हळू. "घरी असे किती वेळ असतात?"

"न्हाई ओ, आज परवास झाला, म्हनून..." गजराबाई उठली होती. चहा लुगड्यावर सांडला होता, तिचं लक्ष नव्हतं. "उठा की अवं. उठा. असं काय करताय? उठा ना वो!"

नवसूनं डोळे उघडले. चार माणसांत त्यानं बायकोचं नाव कधी घेतलं नव्हतं. संपतची आई, नाहीतर अगं. आज घेतलं.

"गजरा," तो म्हणाला. "ठिपकी घाटात बसली व्हती."

ती जिथं होती तिथंच थांबली. संपतला काही कळलं नाही, मॅडमना तर नाहीच. गजराबाईनं पदर तोंडाशी नेला, काढला. नवसूच्या तोंडाकडं बघितलं, मग त्याच्या पायांकडं, जिथं मॅडमच्या अंगठ्याचा खळगा अजून भरला नव्हता.

"समदा दिस," ती म्हणाली. "उजाडल्यापासनं मावळंस्तवर पडून असत्यात. मुतायला बी मीच नेती. उन्हातनं सावलीत बी मीच वढती, बाई. समदा दिस."

मॅडमनी मान हलवली. त्या उठून खाटेजवळ आल्या आणि नवसूच्या मनगटावर हात ठेवला, नाडी बघायला नव्हे, नुसताच. "मग पुण्याला न्यायचं नाही," त्या म्हणाल्या. "दुखणं थांबायचं औषध मी देते, कमी पडलं तर वाढवून देते. पोटात पाणी वाढलं की इथं आणा, काढून देऊ. बाकी घरीच. जेवतील ते द्या, झोपतील तिथं झोपू द्या."

"म्हंजे काय करायचंच न्हाई का?" संपत ओरडला. मग भिंतीकडं तोंड करून उभा राहिला. त्याचा तो हात, बापाच्या पाठीवरून काढलेला, तसाच अंगापासून जरा लांब लोंबत होता, कुठं ठेवायचा ते न कळल्यासारखा.

गजराबाई खाटेशी आली. सकाळी जन्मात पहिल्यांदा नवऱ्याला तिनं पटका बांधला होता, नीट बसावा म्हणून दोनदा सोडून परत बांधला होता. आता तिनं त्याचं डोकं एका हातानं उचललं, दुसऱ्या हातानं पटका सोडला, त्याची घडी केली, आणि ती घडी त्याच्या डोक्याखाली दिली.